आराखड्यातल्या बदलावर हरकत कशी नोंदवावी : मुंबईतल्या रहिवाशांसाठी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात एक जाहीर नोटीस येते. अमुक मौजे, अमुक सी.टी.एस. क्रमांक (जागेचा नगर भूमापन क्रमांक), ‘उद्यान’ हे आरक्षण वगळून ‘सार्वजनिक वाहनतळ’ प्रस्तावित, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे कुठली जागा कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या योजनेत, बदल सुचवणारी ही नोटीस. तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो, दोन दिवस संताप होतो, कुणीतरी सह्यांची मोहीम काढू म्हणतं. कामाला हात लागेपर्यंत दहा-बारा दिवस निघून गेलेले असतात. मुदत मात्र नोटिशीच्या तारखेपासून एक महिना एवढीच असते. या महिन्यात तुम्ही जे लेखी देता, तेच पुढे सुनावणीत, महापालिकेच्या समितीत, मंत्रालयात आणि वेळ आलीच तर उच्च न्यायालयात तुमच्या कामी येतं. महिना उलटल्यावर दिलेलं पत्र हे निवेदन ठरतं, हरकत ठरत नाही. त्यामुळे पहिला आठवडा माहितीला, दुसरा मोजमापाला, तिसरा लिहायला आणि शेवटचा दाखल करायला, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करून घ्या.

नोटीस कुणी काढली आहे?

हे आधी पाहा, कारण हरकत चुकीच्या टेबलावर गेली तर मुदत तिथेच संपते.

कलम ३७(१) खालची नोटीस महापालिका काढते. तिच्यावरची हरकत सहसा प्रमुख अभियंता (विकास नियोजन) यांच्याकडे, म्हणजे महापालिका मुख्यालयाच्या विस्तारित इमारतीत पाचव्या मजल्यावर द्यायची असते. कधी कधी राज्य शासनाचा नगरविकास विभाग स्वतःच बदल सुचवतो. तेव्हा नोटिशीत कलम ३७(१अअ) असतं आणि हरकती ऐकायचं काम बहुधा उपसंचालक, नगर रचना, बृहन्मुंबई यांच्याकडे दिलेलं असतं. त्यांचं कार्यालय आझाद मैदानालगत एन्सा हटमेंटमध्ये आहे. दोन्ही कार्यालयं महापालिका मार्गावरच असल्यामुळे लोकांची गल्लत होते. नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात जो अधिकारी आणि जो पत्ता छापला आहे तोच खरा. बाकी कुणी काहीही सांगो.

नोटिशीत कलम १५४ चा उल्लेख असेल तर जास्त घाई करा. त्या कलमाखाली शासन महापालिकेला थेट निर्देश देतं, आणि अनेकदा हरकतींची प्रक्रिया चालू असतानाच सुधारित तरतूद लागूही झालेली असते. अशा वेळी हरकतीसोबत ‘अंतिम निर्णय होईपर्यंत या तरतुदीनुसार परवानग्या देऊ नयेत’ अशी स्वतंत्र मागणी लिहा.

सगळी मुंबई महापालिकेच्या अखत्यारीत येत नाही, हेही ध्यानात ठेवा. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), झोपडपट्टी पुनर्विकासात एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), आणि २०१८ पासून म्हाडाच्या वसाहतींमध्ये म्हाडा हेच नियोजन प्राधिकरण आहे, म्हणजे परवानग्या तिथूनच मिळतात. म्हाडा कॉलनीतल्या इमारतीची तक्रार वॉर्ड ऑफिसात नेली तर ती फिरत फिरत कुठे तरी पडून राहते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. शेजारच्या भूखंडावर क्षेत्राच्या वापराशी सुसंगत, नियमात बसणारी इमारत येत असेल तर शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची तरतूद नाही. नोटीस येईल म्हणून वाट पाहत बसलात तर थेट खोदकामच दिसेल. अशा इमारतीसाठी वेगळी वाट आहे, ती पुढे दिली आहे.

भूखंडाची कुंडली काढा

लागणारे कागद तीन.

पहिला म्हणजे डीपी रिमार्क, विकास आराखड्यात त्या जागेबद्दल काय म्हटलं आहे ते सांगणारा कागद. महापालिकेच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून तो कुणालाही मिळतो, मालक असायची गरज नाही. उपनगरात मौजे आणि सी.टी.एस. क्रमांक लागतो, शहर भागात डिव्हिजनचं नाव आणि सी.एस. क्रमांक (माहीम डिव्हिजन, लोअर परळ डिव्हिजन वगैरे). विलेपार्ले, सांताक्रूझ, घाटकोपर, बोरिवली अशा ठिकाणी जुन्या नगररचना योजना आहेत. तिथे त्या योजनेने दिलेला अंतिम भूखंड क्रमांकही तपासा, नाहीतर एकाच जागेचे दोन क्रमांक वापरले जातात आणि तुमची हरकत भलत्याच जागेवर नोंदली जाते.

रिमार्कमध्ये चार ओळी नीट वाचायच्या : क्षेत्र कुठलं (निवासी, वाणिज्य, औद्योगिक, विशेष विकास क्षेत्र, नैसर्गिक क्षेत्र), भूखंडावर आरक्षण कुठलं, लगतच्या जागेवर आरक्षण कुठलं, आणि रस्ता किती मीटरचा. आरक्षणाचे सांकेतिक क्रमांक असतात. आरओएस १.४ म्हणजे खेळाचं मैदान, आरओएस १.५ म्हणजे उद्यान. वारसा इमारत किंवा वारसा परिसर आहे का, तेही त्याच कागदावर असतं.

दुसरा कागद मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). मालकी खासगी आहे, महापालिकेची आहे की शासनाची, हे तिच्यावरून कळतं. जागा आधीच महापालिकेच्या ताब्यात असेल तर ‘संपादनाला पैसे नाहीत’ हा युक्तिवाद मुळातच उभा राहत नाही, आणि तुमच्या हरकतीतला सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्हाला इथेच सापडतो.

तिसरा कागद, नोटिशीसोबतचा नकाशा. नोटिशीत ‘नकाशा कार्यालयीन वेळेत पाहता येईल’ असं छापलेलं असतं. जा आणि पाहा. प्रत मागा, नाही दिली तर तसं लेखी मागितल्याची नोंद ठेवा. नोटिशीच्या मजकुरात एक क्षेत्रफळ आणि नकाशावर दुसरं, असे फरक असू शकतात, आणि असा फरक हा स्वतःच एक पूर्ण हरकतीचा मुद्दा असतो.

नियमावली कुठली, यातही लोक फसतात. मुंबईला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. २०२० मध्ये आलेली एकत्रित नियमावली उर्वरित महाराष्ट्रासाठी आहे, बृहन्मुंबई महापालिकेला ती लागू नाही. ठाण्यातल्या ओळखीच्या वास्तुविशारदाने सांगितलेला नियम मुंबईच्या हरकतीत टाकलात तर पहिल्याच वाक्याला हरकत बाद होते. २०३४ च्या नियमावलीतही शासनाने वेळोवेळी बदल केले आहेत, म्हणून जो नियम उद्धृत कराल त्याची अद्ययावत प्रत समोर ठेवूनच लिहा.

रस्ता मोजा, मगच ‘ट्रॅफिक’ हा शब्द वापरा

मुंबईत इमारत किती वाढणार याचं बरंचसं उत्तर रस्त्याच्या रुंदीत असतं. मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) शहर भागात १.३३ आणि उपनगरात १. त्यावर प्रीमियम भरून किती आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) किती घेता येईल हे नियम ३० च्या तक्त्यात रस्त्याच्या रुंदीनुसार ठरतं. निवासी इमारतीला ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल क्षेत्र, म्हणजे एफएसआयवरचं जादा बांधकाम, मिळतं ते वेगळंच. आराखड्यात रस्ता १३.४० किंवा १८.३० मीटर दाखवलेला असतो आणि जागेवर तो निम्माच असतो, कारण रुंदीकरण झालेलंच नसतं. कागदावरच्या रस्त्याच्या हिशोबाने इमारत येते आणि गाड्या मात्र प्रत्यक्षातल्या रस्त्यावरून जातात. वाहनांची घुसमट बहुतेक ठिकाणी इथूनच सुरू होते. हरकतीत हा फरक मीटरमध्ये दाखवता आला पाहिजे.

त्यासाठी तीस मीटरची टेप, दोन माणसं आणि एक वही पुरते. भूखंडाच्या दोन्ही बाजूंना मिळून १०० मीटरचा पट्टा घ्या. दर २० मीटरवर तीन मापं लिहा : भिंत ते भिंत, पदपथ सोडून गाडीरस्ता, आणि गाड्या उभ्या असताना मधली मोकळी वाट. प्रत्येक मापाचा फोटो काढा. टेप आणि मागचं दुकान किंवा गेट दोन्ही दिसू द्या, नाहीतर तो फोटो कुठला हे सुनावणीत सिद्ध करता येत नाही.

गाड्या तीन वेळा मोजा. रात्री अकरानंतर मोजल्या की रहिवाशांची गरज कळते. कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास दुकानं-दवाखान्यांची, आणि शनिवारी संध्याकाळी बाहेरून येणाऱ्यांची. एका ओळीत लावलेल्या मोटारीला रस्त्याकडेची साधारण सहा मीटर लांबी लागते, म्हणजे १०० मीटरच्या एका बाजूला जास्तीत जास्त १६ मोटारी. त्यातून गेट, बस थांबा, कचरा उचलण्याची जागा वजा करा. मोजलेला आकडा या क्षमतेपेक्षा जास्त येत असेल तर गाड्या दुहेरी लागतात किंवा पदपथावर चढतात, आणि हे वाक्य मग तुम्ही आकड्यासकट लिहू शकता. दुचाकी वेगळ्या मोजा. त्या एकत्र केल्या की हिशोब बिघडतो आणि अधिकारी तो लगेच पकडतात.

इमारतीतलं पार्किंग

नियम ४४ खालच्या तक्त्यात निवासी इमारतीसाठी हिशोब घराच्या चटईक्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) आहे. ४५ चौ.मी.पर्यंतच्या चार घरांमागे एक जागा, ४५ ते ६० चौ.मी.च्या दोन घरांमागे एक, ६० ते ९० च्या प्रत्येक घराला एक, आणि ९० चौ.मी.च्या वरच्या घराला दोन. पाहुण्यांसाठीची जागा त्यावर वेगळी.

समजा प्रस्तावात ४० घरं ४२ चौ.मी.ची, ५० घरं ५५ ची आणि ३० घरं ७० ची आहेत. तर १० अधिक २५ अधिक ३०, म्हणजे पाहुण्यांच्या सोडून ६५ जागा. १२० घरांना ६५ मोटारींची जागा हे नियमात बसतं. म्हणून ‘पार्किंग अपुरं आहे’ असं मोघम लिहून उपयोग नाही. नियमापेक्षा कमी असेल तर तसं लिहा. नियमाइतकं असूनही तुमच्या गल्लीत पुरणार नसेल तर तो नियमभंगाचा मुद्दा नाही, तो नियोजनाचा मुद्दा आहे, आणि तो तुमच्या रात्रीच्या मोजणीवरच उभा राहतो. हे दोन मुद्दे वेगळे ठेवा.

मोठ्या मोटारीची जागा २.५ गुणिले ५.५ मीटर, लहान मोटारीची २.३ गुणिले ४.५ मीटर. नकाशावर लहान मापाच्या चौकटी किती आहेत ते मोजा. यांत्रिक पार्किंग असेल तर विचारायचे प्रश्न असे : गेटच्या आत किती गाड्या रांगेत थांबू शकतात, वीज गेल्यावर यंत्र कशावर चालणार, देखभालीचा करार किती वर्षांचा आणि त्यानंतर कुणाच्या खर्चाने. कार लिफ्टला एक गाडी वर-खाली करायला वेळ लागतो. आत थांबायला जागा नसेल तर सकाळी नऊ वाजता ती रांग रस्त्यावर येते. यंत्र बंद पडून राहिलं की सगळ्याच गाड्या कायमच्या रस्त्यावर. हा मुद्दा हरकतींमध्ये फार कमी लोक लिहितात, आणि आमच्या मते तो सगळ्यांत आधी लिहायला हवा.

स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा मोकळ्या जागेतली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल मुंबईतल्याच प्रकरणात झालेला आहे. पुनर्विकासाच्या बैठकीत याची आठवण असू द्या.

सार्वजनिक वाहनतळाचा प्रस्ताव असेल तर जरा वेगळा विचार करावा लागतो. वाहनतळ बांधून महापालिकेला द्या आणि बदल्यात जादा एफएसआय घ्या, अशी योजना आधी १९९१ च्या नियमावलीत होती, आता ती नियम ३३(१८) मध्ये आहे. वाहनतळ उभे राहिले, पण आतली जागा रिकामी आणि बाहेरचा रस्ता भरलेला, असं चित्र मध्य मुंबईत अनेक ठिकाणी दिसलं. २०१९ च्या जुलैत महापालिकेने अशा वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना मोठा दंड सुरू केला, तोही यासाठीच. म्हणून तुमच्या जवळच्या वाहनतळाची महिनावार वापराची आकडेवारी माहिती अधिकारात मागवा. तो निम्माही भरत नसेल तर शेजारी आणखी एक बांधण्यासाठी उद्यान घालवण्याचं कारण प्रशासनाला सांगावं लागेल.

रस्त्यावरच्या पार्किंगचे निर्णय मात्र दोघांत विभागले आहेत. ‘नो पार्किंग’ आणि सम-विषम तारखांचे फलक हे वाहतूक पोलिसांचं काम, पैसे देऊन पार्किंगची जागा आणि दर हे महापालिकेचं. एकाचं पत्र दुसऱ्याला देऊ नका.

हरकत लिहिताना

दोन पानं पुरेत. वर विषयात नोटिशीचा क्रमांक, तारीख, मौजे, सी.टी.एस. क्रमांक आणि कलम. खाली तुमचं नाव, पत्ता आणि तुम्ही या बदलाने कसे बाधित होता ते एका वाक्यात. हे वाक्य विसरू नका. कलम ३७ मध्ये बाधित व्यक्तींना सुनावणी देण्याची तरतूद आहे, तेव्हा ‘मी प्रस्तावित भूखंडापासून ६० मीटरवर राहतो/राहते, म्हणून बाधित व्यक्ती या नात्याने व्यक्तिशः सुनावणीची मागणी करतो/करते’ असं स्पष्ट लिहा.

मग क्रमांक घालून हरकती. प्रत्येक हरकतीत तथ्य, त्याचा पुरावा आणि मागणी, या तीनही गोष्टी हव्यात. ‘आमच्या भागात आधीच प्रचंड ट्रॅफिक असून हा प्रकल्प रहिवाशांच्या जिवावर उठणार आहे’ हे वाक्य खरं असलं तरी अहवालात त्याचं ‘वाहतूक कोंडीबाबत हरकत’ एवढंच होतं, आणि पुढच्या रकान्यात ‘वाहतूक विभागाचा अभिप्राय घेण्यात येईल’ असं लिहून विषय संपतो. त्याऐवजी असं लिहून पाहा :

‘हरकत १. भूखंडासमोरील रस्ता विकास आराखड्यात १३.४० मीटर दर्शवला आहे. प्रत्यक्षात गाडीरस्ता ७.१ मीटर आहे (मापे व फोटो, जोडपत्र १). मंगळवारी रात्री ११ ते १२ या वेळेत १०० मीटर लांबीत दोन्ही बाजूंना २९ मोटारी उभ्या होत्या व मधली मोकळी वाट २.९ मीटर उरली होती (मोजणी तक्ता, जोडपत्र २). या स्थितीत वाहनतळाची ये-जा या रस्त्यावरून प्रस्तावित केल्यास अग्निशमन वाहनास वाट राहणार नाही. सबब (अ) प्रस्ताव रद्द करावा. (आ) तसे न केल्यास रस्ता आराखड्यातील रुंदीप्रमाणे प्रत्यक्ष रुंद झाल्याशिवाय बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देऊ नये, अशी अट घालावी.’

पर्यायी मागणी म्हणजे (आ) लिहायला लोक कचरतात. ती दिली म्हणजे आपण माघार घेतली असं त्यांना वाटतं. तसं काही नाही. प्रस्ताव रद्द होण्यापेक्षा अटींसह मंजूर होण्याची शक्यता नेहमी जास्त असते, आणि तुम्ही अट सुचवली नसेल तर अट येतच नाही.

दुसरा मुद्दा जागेच्या बदल्यात जागा कुठे, हा असावा. उद्यानाचं आरक्षण हटवताना त्याच विभागात तेवढीच मोकळी जागा दिली आहे का? दिली असेल तर ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे, की रेल्वे फाटकाच्या पलीकडे? तिसरा मुद्दा बदलाच्या व्याप्तीचा. कलम ३७ हे आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरफारांसाठी आहे. विभागातलं शेवटचं मोठं मैदान जात असेल तर हा फेरफार किरकोळ कसा, हे विचारायला हवं. घराच्या किमती उतरतील, बाहेरचे लोक येतील, हे मुद्दे घालू नका. त्यांना नियोजनात वजन नाही आणि चांगल्या मुद्द्यांनाही ते हलकं करतात.

सह्यांच्या मोहिमेबद्दल. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स प्रती अहवालात एकाच ओळीत बसवता येतात. त्यापेक्षा वीस हरकती वेगवेगळ्या द्या : शाळेच्या पालकांची मुलांच्या ये-जेबद्दल, दवाखान्याची रुग्णवाहिकेबद्दल, दुकानदारांची माल उतरवण्याबद्दल, ज्येष्ठ नागरिकांची पदपथाबद्दल. सोसायटीने द्यायची असेल तर व्यवस्थापक समितीचा ठराव जोडा आणि लेटरहेडवर सचिवांची सही-शिक्का घ्या. ठराव नसेल तर ती सचिवांची वैयक्तिक हरकत धरली जाते.

दाखल करताना दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. काउंटरवरच्या माणसाने ‘पोच लागत नाही’ म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. ईमेलचा पत्ता दिलेला असेल तर त्यावरही पाठवा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही. शेवटच्या दिवशी जाऊ नका. नोटीस राजपत्रात एका तारखेला आणि वर्तमानपत्रात दुसऱ्या तारखेला आलेली असू शकते. जी आधीची, तीच धरून चाला.

सुनावणी

सुनावणीचं पत्र पोस्टाने येतं, आणि कधी तारखेच्या जेमतेम दोन-तीन दिवस आधी. सोसायटीच्या पत्रपेटीवर कुणाची तरी नजर असू द्या. सुनावणीत मिळणारा वेळ थोडा असतो. सगळी हरकत वाचून दाखवू नका. एक मोठा नकाशा, त्यावर भूखंड, मोजलेला पट्टा आणि तीन फोटो लावून न्या, तेवढा समोर ठेवा आणि दोन मागण्या सांगा. पाच जण गेलात तर पाच मुद्दे वाटून घ्या. निघताना लेखी म्हणणं द्या आणि त्याचीही पोच घ्या, म्हणजे नोंदीत काय आलं यावर अवलंबून राहावं लागत नाही.

हरकतींनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना २०१५ ची आठवण करून द्यावी. २०३४ च्या आराखड्याचं पहिलं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. चुकीचे रस्ते, गायब झालेल्या सुविधा, गावठाणं आणि कोळीवाड्यांचे प्रश्न यांवर लोकांनी नेमकं बोट ठेवलं, हजारो हरकती आल्या आणि ते प्रारूप बाजूला ठेवून नवं करावं लागलं. ते मे २०१६ मध्ये आलं.

नगरसेवकांकडे केव्हा आणि काय घेऊन जायचं

आरक्षण बदलाचे आणि भूसंपादनाचे प्रस्ताव महापालिकेच्या सुधार समितीपुढे येतात, तिथून सभागृहापुढे जातात. फेरफाराचा विषय सहसा दोनदा येतो : नोटीस काढण्याआधी, आणि हरकती ऐकून झाल्यावर शासनाकडे पाठवताना. दुसरी वेळ तुमची. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर दीर्घ काळ हे सगळे अधिकार प्रशासकाकडेच होते आणि ही पायरीच उरली नव्हती. सभागृह असताना तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

बैठकीची कार्यक्रमपत्रिका आधी निघते, ती पाहत राहा. समितीत तुम्हाला बोलता येत नाही, नगरसेवकाला येतं. त्याच्या हातात वीस पानी फाइल देऊ नका. एकच पान द्या : विषय क्रमांक, तीन आकडे, आणि तयार उपसूचना (प्रस्तावात सुचवायची दुरुस्ती). ‘प्रस्ताव फेटाळावा’ यासोबत ‘प्रस्ताव फेरविचारार्थ प्रशासनाकडे परत पाठवावा’ हीही मागणी ठेवा, कारण दुसरीला सत्ताधारी बाजूचाही पाठिंबा मिळू शकतो. फक्त आपल्या नगरसेवकाकडेच जाऊ नका, सुधार समितीतल्या सगळ्या पक्षांच्या सदस्यांना तेच पान द्या. प्रस्ताव ‘राखून ठेवला’ याचा अर्थ संपला असा नाही, तो पुढच्या एखाद्या बैठकीत चर्चेविना मंजूर होऊ शकतो. ‘दप्तरी दाखल’ (कार्यवाही न करता बंद) झाला तरच तो बाजूला पडतो.

आरक्षण वाचवलं तरी खासगी जागेवर एक घड्याळ चालूच असतं. आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना (‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस) देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही दहा वर्षं २०२८ मध्ये भरतात. म्हणून हरकतीच्या शेवटी संपादनासाठी तरतूद करण्याची मागणी घाला आणि फेब्रुवारीत अर्थसंकल्प येण्याआधी, डिसेंबरातच, ती नगरसेवकामार्फत पुन्हा मांडा.

नोटीस नसलेली इमारत

भूखंडाभोवती पत्र्याचं कुंपण लागलं की फलकावरचा महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण) क्रमांक टिपून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, आयओडी (बांधकामाची अटींसह प्राथमिक मंजुरी) आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पाहता येतं. जे मिळत नाही ते इमारत प्रस्ताव विभागातून माहिती अधिकारात मागवा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘संपूर्ण फाइल द्या’ असं लिहू नका. आयओडीच्या अटी, नियमांतून दिलेल्या सवलतींचा मंजूर अहवाल आणि पार्किंगचा तक्ता, एवढंच मागा, आणि फाइल पाहण्याची परवानगीही त्याच अर्जात मागा. सवलतींचा अहवाल फार महत्त्वाचा. कुठली मोकळी जागा कमी केली, त्यासाठी कारण काय दिलं, हे तिथेच लिहिलेलं असतं. १००० चौ.मी.हून मोठ्या भूखंडावर मनोरंजनाची मोकळी जागा सोडावीच लागते (२५०० पर्यंत १५ टक्के, १०,००० पर्यंत २० टक्के, त्यापुढे २५ टक्के). ती नकाशावर पार्किंगने किंवा रॅम्पने खाल्लेली नाही ना, ते पाहा.

झाडं तोडायची असतील तर झाडावर नोटीस लागते आणि तिची मुदत फक्त सात दिवसांची असते. तिचा फोटो तारखेसह त्याच दिवशी काढा.

फेरफार शासनाने मंजूर केला की राजपत्रात अधिसूचना निघते. त्यानंतरची वाट रिट याचिकेची आहे. या कायद्याखालच्या आदेशांविरुद्ध दिवाणी दाव्याला कलम १४९ आड येतं. वकिलाकडे जाताना चार गोष्टी एका फाइलीत लावून न्या : मूळ नोटीस, पोचेचा शिक्का असलेली हरकत, सुनावणीतलं लेखी म्हणणं, आणि हरकतींवरचा महापालिकेचा अहवाल. हा शेवटचा कागद आपणहून कुणी देत नाही. सुनावणी संपल्या आठवड्यातच त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर लगेच पहिलं अपील करा.